कोविडच्या यादीत आमच्या वस्तीतल्या बायका इतक्या कमी कशा?

प्रश्न : समाजकार्य_दुसरं_वर्ष

नमस्कार. मी नागपुरात एमएसडब्ल्यू करते. प्रबंधासाठी शहराचे दोन तुकडे घेतलेत. एक प्रतापनगरच्या बाजूची फ्लॅट स्कीमची कॉलनी, दुसरी कामठी रोडपासून आत, इंदोऱ्याच्या पुढची वस्ती. 2020 आणि 2021 मध्ये आजार कुणाला झाला, उपचार कुणाला मिळाले, हे दोन्हीकडे विचारत फिरते आहे.

वस्तीतल्या एका मंडळाने 2021 च्या एप्रिलमध्ये पॉझिटिव्ह आलेल्यांना किराण्याची किट वाटली होती. त्याची वही मला पाहायला मिळाली. पानंच्या पानं पुरुषांची नावं. बाईचं नाव मधूनच एखादं. कॉलनीत उलट आहे. तिथे नवरा, बायको, आजी, कॉलेजातली मुलगी, सगळ्यांचे रिपोर्ट एकाच फाइलमध्ये नीट लावलेले.

माझ्या गाईड मॅडमचं म्हणणं की यात नवल नाही, पुरुषच जास्त आजारी पडले. 2020 च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने देशातल्या मृतांमध्ये 69 टक्के पुरुष असल्याचं सांगितलं होतं, तो आकडा त्यांनी मला दाखवला. तो मला मान्य आहे. पण वस्तीत बायकांशी बोलताना दर वेळी एकच होतं. आधी म्हणतात, "मला काही नाही झालं बाप्पा, ह्यांनाच झालं होतं." मग चहा होतो, गप्पा होतात, आणि सहज बोलून जातात की तेव्हा महिनाभर फोडणीचा वासच येत नव्हता, तिखट-मीठ किती पडलं कळत नव्हतं, पोरं ताट सरकवून द्यायची.

मग ही बाई माझ्या तक्त्यात कुठे लिहू? आणि मी प्रश्नच चुकीचे विचारतेय का? ज्यांनी तो काळ नागपुरात जवळून पाहिला त्यांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद : स्वॅब_केंद्र

मी लॅब टेक्निशियन आहे. महापालिका शाळेच्या एका खोलीत आमचं केंद्र चालायचं.

सकाळी दार उघडलं की रांगेत पुरुष. दुकानदार, गोडाऊनवाले, कारखानेवाले निगेटिव्ह रिपोर्ट मागत होते, त्याशिवाय कामावर घेत नव्हते. त्यामुळे खोकला नसलेला माणूसही तपासणीला यायचा. बायका आल्या तर दुपार उलटल्यावर, कडेवर लेकरू घेऊन, आणि तेही नवरा किंवा मुलगा आधीच पॉझिटिव्ह निघालेला असेल तर. आमची वेळ आणि नळाची वेळ पुष्कळदा एकच असायची.

फॉर्मवर मोबाइल नंबर लागायचा. पाच जणांच्या घरात नंबर एकच, घरातल्या पुरुषाचा. बाईचा रिपोर्ट त्याच्या फोनवर. तो संध्याकाळी घरी आल्यावर तिला कळणार. आमच्या केंद्राच्या वहीत धंद्याचा एक रकाना होता. समोर बाई आली की लिहिणारा मान वर न करता "गृहिणी" लिहायचा. ती चार घरी पोळ्या करते की चौकात भाजी विकते, हे विचारायला वेळ नसायचा. तुम्हाला आता त्या नोंदींवरून कोणती बाई बाहेर कामाला जात होती ते शोधायचं असेल तर सापडणार नाही.

एक गोष्ट मात्र जरूर पाहा. सिरो सर्वेक्षणात लोक केंद्रावर येत नाहीत, सर्वेक्षणवाले घरी जाऊन रक्त घेतात. 2020 च्या जुलैत मुंबईत तीन वॉर्डांत तसं केलं, तर झोपडपट्टीत 57 टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी, म्हणजे आजार होऊन गेल्याची खूण, निघाल्या, इमारतींत 16 टक्के. आणि बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा किंचित जास्तच होतं. त्याच सुमारास पुण्यात पाच प्रभागांत झालं, तिथेही झोपड्यांत आणि वाड्या-चाळींत प्रमाण फ्लॅटपेक्षा कितीतरी जास्त, पण बायका आणि पुरुषांत दोन-तीन टक्क्यांचाच फरक. म्हणजे विषाणू दोघांना जवळपास सारखाच भेटला. रांगेत मात्र दोघं सारखे नव्हते.

प्रतिसाद : इतिहासाचा_मास्तर

बेटा, फार चांगला विषय घेतलास. मी शाळेत इतिहास शिकवायचो, आता निवृत्त आहे. तुझ्या प्रबंधात 1918 ची साथ नक्की घे, कारण ती आपल्या गावाची गोष्ट आहे. तेव्हा नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं, आणि इन्फ्लुएंझाच्या त्या साथीत देशात सगळ्यात जास्त फटका बसलेल्या प्रांतांत आपला प्रांत होता. पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात घरंच्या घरं आडवी. 1921 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. त्याआधी किंवा नंतर कोणत्याही जनगणनेत असं घडलेलं नाही.

तेव्हा देशात बायका पुरुषांपेक्षा जास्त गेल्या, त्यातही ऐन तारुण्यातल्या. सरकारी अधिकाऱ्यांनीच कारण नोंदवून ठेवलं आहे: स्वतःला ताप असतानाही त्या घरातल्या आजाऱ्यांचं करत राहिल्या, अंथरुणाला टेकल्याच नाहीत. मुंबईत जातवार हिशेब ठेवला गेला होता. दर हजारी मृत्यू तथाकथित खालच्या जातींत 61.6, इतर हिंदूंत 18.9, युरोपियनांत 8.3. एकच शहर आणि एकच आजार. शंभर वर्षांनी औषधं बदलली, पण खोलीत किती माणसं झोपतात आणि आजाऱ्याच्या उशाशी कोण बसतं, याचं उत्तर किती बदललं ते तू तपास.

प्रतिसाद : आशा_उत्तर_नागपूर

मी टेका नाक्याकडच्या वस्त्यांत आशा आहे. लांब लिहून राहिली, पण तू मनापासून विचारलंस म्हणून सगळं सांगते.

आधी त्या वहीचं. किट माणसाला नव्हती, घराला एक होती. म्हणून नाव घरधन्याचं. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशन कार्डावर घरातली मोठी बाई कुटुंबप्रमुख असते, पण मंडळाची पोरं वही घेऊन दारात आली की हाक बाप्यालाच मारतात. त्या घरात आणखी तिघी तापाने फणफणत असल्या तरी वहीत एकच ओळ. त्या वहीवरून बायका मोजू नकोस.

आता भीतीचं. 2020 च्या एप्रिल-मेमध्ये सतरंजीपुरा आणि मोमीनपुरा सील झाले. गल्ल्यांना पत्रे लागले, शेकडो लोकांना घरातून उचलून आमदार निवासात आणि दुसऱ्या केंद्रांवर नेऊन ठेवलं. रोग रोखायला करावं लागलं असेल, पण त्या दोन वस्त्यांचं नाव सांगणाऱ्याला शहरात भाजीसुद्धा कुणी धड विकत नव्हतं, त्याच्याकडून घेतही नव्हतं. आमच्या बायांनी ते सगळं पाहिलं आणि मनात पक्कं केलं की नाव आलं की घर सुटतं. लेकरं कोणाकडे ठेवू? सासऱ्याचं आंघोळपाणी कोण करेल? आणि धरमपेठेतल्या, बजाजनगरातल्या घरची कामं? एका घरी कळलं की चारही घरं जातात, कारण त्या मॅडम एकमेकींच्या ओळखीच्या. स्वॅबवाले दादा बरोबर सांगून राहिले, पुरुषाला कामावर जायला रिपोर्ट लागत होता. बाईला कोणी रिपोर्ट नाही मागितला. तिला फोनवर सांगितलं, "सध्या येऊ नको." मग तिने तपासून काय करायचं होतं?

सप्टेंबर-ऑक्टोबर 2020 मध्ये "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहीम आली. आम्ही टेंपरेचर गन आणि ऑक्सिमीटर घेऊन घरोघर जायचो. आवाज दिला की पुरुष खुर्ची घेऊन दारात बसायचे, बोट पुढे. मग म्हातारे, मग लेकरं. बाई सगळ्यात शेवटी, ती पण मी दोनदा म्हटल्यावर. ती मोरीतून यायची, हात ओले, गार पडलेले, बोटाच्या कातडीला भांड्याच्या राखेच्या नाहीतर साबणाच्या सुरकुत्या. गार बोटावर ऑक्सिमीटर आकडा धरत नाही. रेघा हलत राहतात, कधी आकडा येतच नाही, कधी आला तर चुकीचा येतो. तिचे हात पदराने कोरडे करायचे, दोन्ही तळवे चोळून गरम करायचे, थोडं थांबायचं, तेव्हा कुठे खरा आकडा दिसतो. दिवसाला घरं किती करायची ते ठरलेलं. सगळ्याच आशांना प्रत्येक बाईसाठी एवढं थांबता आलं असेल असं मी म्हणणार नाही. आणि थांबलं तरी ती म्हणायची, "राहू द्या ना ताई, दूध उतू जाईल."

नंतर सहा मिनिटं चालून मग ऑक्सिजन पाहायला सांगितलं होतं. दहा बाय दहाच्या खोलीत कुठे चालणार? पुरुष गल्लीत चालले. गाऊनवर ओढणी घेतलेली सून सासऱ्यांसमोर, शेजाऱ्यांसमोर गल्लीत सहा मिनिटं येरझाऱ्या घालत नाही.

घरात वेगळं राहा म्हणायचे तर वेगळी खोली आणि वेगळा संडास पाहिजे होता. आमच्याकडे एक खोली आणि संडास तीन घरांत मिळून एक. मग खाट आणि पंखा आजारी माणसाला. बायको लेकरांना घेऊन उंबऱ्यापाशी. त्याचं ताट ती नेणार, कपडे ती धुणार, रात्री त्याला दम लागला की पाठ ती चोळणार. तो उठून बसायला लागला की हिचं अंग मोडून यायचं. तोवर घरातला पैसा संपलेला. सरकारने छातीच्या सीटी स्कॅनचा दर 2,000 ते 3,000 रुपये ठरवून दिला होता. आमच्याकडे तेवढ्यात दोन घरची महिनाभराची धुणीभांडी होतात. त्याचा सीटी निघाला, तिचा नाही निघाला. कोणी वाईट नव्हतं त्या घरात. नवरा म्हणे काढू, तीच म्हणे कशाला, साधाच ताप आहे.

एक बाई सांगते. नवरा ऑटो चालवतो. एप्रिल 2021, शहरात खाट मिळत नव्हती तो काळ. मी त्याला पाहायला गेली होती. तो बराच सुधारला होता. ती भिंतीला टेकून बसून पोळ्या लाटून राहिली होती, दर पोळीनंतर थांबत होती. मला तिचे ओठ बरे नाही दिसले. हात पुसून, चोळून बोट घेतलं तर ऑक्सिजन 84. परातीत कणीक तशीच ठेवून त्याच ऑटोत तिला मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. खाट मिळेपर्यंत ऑटोतच बसून होतो. ती वाचली. पण लिफ्ट नसलेल्या फ्लॅट स्कीममध्ये तिसऱ्या मजल्यावरचं तिचं एक काम सुटलं, कारण आजही दुसऱ्या मजल्यावर तिचा दम भरून येतो. तू पाहिलेल्या वहीत तिच्या घरापुढे नवऱ्याचं नाव असेल.

प्रतिसाद : पुरावा_हवा

सर्वांचा आदर राखून लिहितो. पुरुष कामानिमित्त बाहेर फिरत होते, त्यांच्यात रक्तदाब, तंबाखू, दारू जास्त, आणि पुरुषांच्या शरीरात हा आजार जास्त गंभीर होतो हे जगभर दिसलं आहे. माझे सख्खे काका आणि दोन भाऊजी गेले, तिघांच्या बायका हयात आहेत. त्यामुळे बायकांवर जास्त अन्याय झाला असं एका वहीवरून ठरवू नये असं मला वाटतं.

प्रतिसाद : स्वॅब_केंद्र

दादा, तुमच्या घरचं वाचून वाईट वाटलं. पुरुष जास्त गेले हे खरंच आहे, त्याला कोणी नाही म्हणत नाही.

पण एक आकडा पाहा. 20 मे 2020 पर्यंतच्या देशातल्या नोंदींवर एक अभ्यास झाला होता. पॉझिटिव्ह नोंदींत 66 टक्के पुरुष होते. पण पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी मृत्यू किती ते काढलं, तर पुरुषांत 2.9 टक्के आणि बायकांत 3.3 टक्के. जगात बहुतेक ठिकाणी याच्या उलट होतं. बाईचं शरीर आपल्याकडे वेगळं नाही. याचा एक सरळ अर्थ असा लागतो की हलक्या आजाराच्या बायका नोंदीत आल्याच नाहीत, तब्येत बिघडल्यावरच आल्या. पुढच्या महिन्यांत नोंदी वाढल्या तसं चित्र बदललं, पण सुरुवातीला काय घडत होतं ते यातून कळतं.

प्रतिसाद : आशा_उत्तर_नागपूर

भाऊ, तुमच्या घरच्या त्या तिघींना माझा नमस्कार सांगा. त्यांचंही याच प्रश्नात येतं. माझ्या भागातही पुरुष जास्त गेले. पुरुष गेला की आजार घरातून जातो, पण कर्ज, ऑटोचा हप्ता, लेकरांची फी बाईकडे राहते. कोण जास्त गेलं याची स्पर्धा मला लावायची नाही. कोणाचा आजार दिसला आणि कोणाचा नाही, एवढंच या पोरीने विचारलं आहे.

लसीचंही तसंच झालं. 2021 च्या मेपासून 18 ते 44 च्या लोकांना आधी मोबाइलवर नोंदणी करावी लागत होती. देशात स्वतः वापरायचा मोबाइल तेव्हा निम्म्याहून जराच जास्त बायकांकडे होता, हे सरकारच्याच 2019-21 च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आहे. ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, नवरा कामावर. स्लॉट मिनिटांत भरायचे. आमच्या केंद्रावर लॅपटॉपवाली पोरं लांबच्या कॉलन्यांतून कारने येऊन लस घेऊन जायची, आणि केंद्राच्या भिंतीला लागून राहणारी बाई विचारायची, "ताई, आमचा नंबर कधी?" पाळीत लस घेऊ नये अशी अफवा वेगळीच. गरोदर बायांना तर परवानगीच जुलै 2021 मध्ये मिळाली. तोवर दुसरी लाट होऊन गेली होती.

आम्हा आशांचंही लिहून घे. जूनमध्ये राज्यभरात संप करावा लागला, तेव्हा मोबदला थोडा वाढला. आजाऱ्यांच्या दारात आम्ही जात होतो, आणि संध्याकाळी आमच्या घरातही कपडे आम्हीच धुवायचो.

प्रतिसाद : जरीपटका_22

मी एरवी फक्त वाचते. आज लिहिते, कारण आमच्या घरात दोन मरण झाले आणि दोघांचं वेगळं झालं.

एप्रिल 2021 मध्ये माझे सासरे गेले, त्यानंतर आठवड्यातच सासू. सासऱ्यांचा रिपोर्ट होता, दवाखान्याचे कागद होते. सासूबाई घरीच होत्या. त्यांची तपासणी करायला कोणी उरलं नव्हतं, मी पण तापात होते. डॉक्टरच्या दाखल्यावर हृदय बंद पडल्याचं आलं. नंतर सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने 50,000 रुपयांची मदत सुरू झाली. सासऱ्यांची मिळाली. सासूबाईंचा अर्ज परत आला, कारण कोविडचा कागद नाही. पुन्हा दाद मागता येत होती म्हणे, पण कागद कुठून आणणार? पैशाचं राहू द्या. त्यांनी सासऱ्यांना शेवटपर्यंत चमच्याने पाणी पाजलं, त्यांच्याच खोलीत झोपल्या, आणि कागदावर त्या कोविडने गेल्याच नाहीत. ताई, तुमच्या प्रबंधात त्यांना कोविडमध्येच लिहा.

प्रश्नकर्ती : समाजकार्य_दुसरं_वर्ष

लिहीन. नाव न घेता, पण नक्की लिहीन.

सगळ्यांचे आभार. सर, 1918 चं एक प्रकरण आता घेतेच. आशाताई, तुम्हाला एकच विचारते. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा वस्तीत जाणार आहे. बायकांना काय विचारू, आणि कसं?

प्रतिसाद : आशा_उत्तर_नागपूर

"तुला कोविड झाला होता का" असं विचारूच नको. त्याला नाहीच म्हणणार. फोडणीचा वास कधी गेला होता, ते विचार, ते तुला स्वतःलाच सापडलं आहे. घरात माणूस आजारी होता तेव्हा कोण कुठे झोपायचं ते वहीत खोलीचं चित्र काढून विचार, त्या हसतील पण बोटाने दाखवतील. पहिला सीटी कोणाचा, दुसरा कोणाचा. काम कधी सुटलं, परत कोणत्या घरी घेतलं, पगार किती महिने नाही दिला. दम आता लागतो का, पाण्याची गुंडी उचलताना लागतो का. खोकला अजून असेल तर थुंकी तपासायला माझ्याकडे पाठव. 2020 मध्ये टीबीची नोंद देशात 24 लाखांवरून 18 लाखांवर आली होती. आजार कमी नव्हता झाला, तपासणी बंद पडली होती, आणि त्यातले रोगी आम्हाला अजून सापडतात.

दुपारी दोन ते चारमध्ये जा. लोकांच्या घरची कामं करून बाया परत आलेल्या असतात आणि नळ यायचा असतो. सासू आणि सून एकत्र बसवू नको. "गृहिणी" लिहू नको, कामं किती घरी आहेत ते लिही.

आधी मला आमच्या आरोग्य केंद्रावर येऊन भेट. दोघींशी गाठ घालून देते. त्यातली एक लगेच बोलेल. दुसरी आधी विचारेल की माझ्याबद्दल काय लिहून राहिलीस, दाखव. तिला सगळं वाचून दाखव, आणि ती म्हणेल ते खोडून टाक.